दिवस गेलेत आणि अंग खाली उतरतंय

प्रश्न थोडक्यात असा. वय ३३. दोन बाळंतपणं नॉर्मल झाली. पहिल्या वेळी चिमटा लावावा लागला, बाळ ३ किलो ७०० ग्रॅमचं होतं. दुसऱ्या खेपेनंतर चार महिन्यांनी, उकिडवं बसून कपडे धुताना, लिंबाएवढा मऊ गोळा हाताला लागला. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, अकरावा आठवडा चालू आहे. संध्याकाळ झाली की गोळा बाहेर डोकावतो आणि आडवं झालं की आत जातो. डॉक्टरांनी सकाळी तपासून 'विशेष काही नाही' म्हटलं. सासूबाई म्हणतात, पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवून नऊ महिने पडून राहा. बाळ पडेल का, नॉर्मल होईल का, सरळ सिझर करून घ्यावं का, आणि एकदा हे आटोपलं की पिशवीच काढून टाकावी का, असे चार प्रश्न आहेत.

ताई, पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण त्याशिवाय पुढचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही. बाळ 'घसरून' पडणार नाही. अंग खाली येतं तेव्हा अख्खी पिशवी किंवा तिच्या शेजारची भिंत खाली उतरते. पिशवीचं तोंड त्याने उघडत नाही. झोळी दोरीसकट खाली लोंबली म्हणून तिची गाठ सुटत नाही, तसंच हे. पिशवी फारच बाहेर आली, तोंडाला सूज किंवा जखम झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तर वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण तुम्ही लिहिता तेवढं, म्हणजे संध्याकाळी दिसणारं आणि झोपल्यावर आत जाणारं अंग घेऊन पूर्ण दिवस भरलेल्या बायका मी सव्वीस वर्षांत पुष्कळ पाहिल्यात.

आता सकाळच्या तपासणीबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही, वेळ मात्र चुकली. रात्रभर आडवं झाल्यावर सकाळी टेबलावर पाठीवर झोपवून बघितलं तर बऱ्याच बायकांचं अंग जागेवरच दिसतं. पुढची वेळ संध्याकाळची मागा, दिवसभराची कामं करून जा, आणि उभं राहून किंवा जोर करायला लावून तपासा असं स्पष्ट सांगा. आम्ही हे मायांगाच्या, म्हणजे योनीमार्गाच्या, तोंडाशी असलेल्या पडद्याच्या कडेपासून सेंटिमीटरमध्ये मोजतो आणि शून्य ते चार अशी पायरी देतो. कडेच्या एक सेंटिमीटर आत ते एक सेंटिमीटर बाहेर एवढ्या पट्ट्यात ते असेल तर दुसरी पायरी. तुमच्या वर्णनावरून तुमचं तिथेच कुठेतरी असावं. पण खाली काय आलंय हेही विचारा. मायांगाची पुढची भिंत उतरली असेल तर तिच्यामागे लघवीची पिशवी असते, मागची उतरली असेल तर शीचा मार्ग, आणि मधून येतं ते गर्भपिशवीचं तोंड. बायका तिन्हीला 'अंग आलं' म्हणतात, पण तिघांचा त्रास वेगळा आणि उपायही थोडा वेगळा.

हे होतं कशानं? ओटीपोटाच्या तळाशी माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. पिशवी वरून काही बंधांनी टांगलेली असते आणि खालून या झोळीवर टेकलेली असते. झोळी धड असेल तोवर बंधांवर भार येत नाही. पहिल्या बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना हे स्नायू मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. चिमटा लागला असेल तर हाडाला चिकटलेलं त्यांचं टोक सुटून येण्याची शक्यता आणखी वाढते. मग सगळा भार बंधांवर येतो आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू लांबत जातात. दिवस गेल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन आणि रिलॅक्सिन ही हार्मोन्स वाढतात, सगळे बंध सैलावतात. बाळंतपणासाठी ते हवंच असतं. म्हणून आधी दबून असलेलं अंग तिसऱ्या खेपेला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच डोकं वर काढतं, खरं तर खाली काढतं.

हा त्रास नऊ महिने चढतच जातो असं मात्र नाही. इथे बहुतेक जणी चुकीची भीती धरून बसतात. गरोदर नसताना पिशवी साठ-सत्तर ग्रॅमची असते आणि नववा महिना भरेपर्यंत ती एकटीच किलोभराची होते. पण बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती ओटीपोटाच्या हाडांच्या खोबणीतून वर पोटात चढते आणि चढताना आपल्याबरोबर पिशवीचं तोंडही वर ओढून घेते. त्यामुळे चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्यापर्यंत बऱ्याच जणींचा गोळा आपोआप आत जातो. 'डॉक्टर, बरी झाले' असं सांगत येतात. ती बरी झालेली नसते, पण ते तीन महिने खरे आरामाचे असतात आणि व्यायाम शिकण्याचे असतात. शेवटच्या महिन्यात डोकं खाली बसलं की जडपणा परत येतो. सध्या अकराव्या आठवड्यात तुम्ही नेमक्या वाईट टप्प्यावर आहात. मला विचाराल तर पंधराव्या आठवड्यात पुन्हा प्रश्न विचारा, उत्तर अर्ध्यावर येईल.

या काळातली एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. पुढचे चार-पाच आठवडे लघवी अडली, म्हणजे जोर करूनही थेंब-थेंब येतेय, ओटीपोट ताठ झालंय, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, रात्र असली तरी. क्वचित वाढणारी पिशवी वर चढायच्या ऐवजी खोबणीतच अडकून बसते आणि लघवीचा मार्ग दाबते. नळी घालून लघवी काढली आणि पिशवी वेळेत सोडवली तर प्रश्न मिटतो. थांबलात तर वाढतो. अंगावरून लाल जाणं, पाणी जाणं, ताप येऊन लघवीला जळजळ, सदतिसाव्या आठवड्याआधी नियमाने येणाऱ्या कळा, आणि बाहेर आलेला गोळा निळसर-जांभळा होऊन सुजला आणि अर्धा-पाऊण तास कंबर उंच करून पडल्यावरही आत जाईना, यातलं काहीही झालं तरी वाट बघायची नाही. बाकी ओढल्यासारखं वाटणं, कंबर दुखणं, दिवस मावळला की काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, हे त्रासदायक असलं तरी धोक्याचं नाही.

विटांचं बोलूया. सासूबाई म्हणतात ते अगदीच टाकाऊ नाही. पूर्वी इस्पितळातही पलंगाच्या पायाकडच्या बाजूला विटा लावायचे आणि अंग आत गेल्यावर आराम पडायचा. पण नऊ महिने पडून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो, स्नायू ढिले पडतात, बद्धकोष्ठता होते, आणि ज्या झोळीच्या जिवावर आपल्याला निभवायचंय तीच आणखी मरगळते. तडजोड अशी करा. दिवसातून दोन-तीनदा, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी, वीस मिनिटं डाव्या कुशीवर, कमरेखाली दुमडलेली गोधडी घेऊन पडायचं. गोळा बाहेर येण्याच्या आत हे केलं तर संध्याकाळ बरी जाते. बाहेर आल्यावर केलं तर फक्त तो आत जातो. फरक मोठा आहे.

आणि बाहेर आलेल्या गोळ्याला कपड्याचं घर्षण लागू देऊ नका, त्याने जखम होते. सुती, नीट बसणारी चड्डी घाला. तुमच्या डॉक्टरांनी एकदा हाताने दाखवून दिलं की स्वच्छ धुतलेल्या, पाण्यावर आधारित जेली लावलेल्या बोटाने तो हळू आत सारायला हरकत नाही. तेल, हळद, तुरटीचं पाणी, काही लावू नका. तुरटीने 'आवळतं' असं सांगणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. आवळत काही नाही, कातडं फुटतं.

खाली आधार देणारे लंगोटासारखे पट्टे बाजारात मिळतात. उभं राहून काम असेल तेव्हा चार-सहा तास वापरायला चांगले. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या एक पेशंट होत्या, त्या म्हणायच्या, काष्टा आवळून मारला की दिवस निघतो. तत्त्व तेच. पण पोटावरून गच्च आवळणारा पट्टा नको. त्याने सगळा दाब खालच्या बाजूला जातो.

आता मुख्य उपाय, रिंग. त्याला पेसरी म्हणतात. मऊ सिलिकॉनची, बांगडीसारखी, मायांगात वरच्या बाजूला बसवायची. ती अंगाला आत धरून ठेवते, बरं करत नाही. चष्मा डोळा बरा करत नाही, तसं. गरोदरपणात ती चालते आणि बसवायला दोन मिनिटं लागतात. माप सर्वांना एकच नसतं, मिलिमीटरमध्ये वेगवेगळी मापं येतात, आणि दोन-तीन बसवून बघावी लागतात. बसवल्यावर लगेच घरी निघू नका. दवाखान्याच्या जिन्यावर चढा-उतरा, खोका, संडासात बसून लघवी करून बघा. तुम्हाला ती जाणवत नसेल आणि पडत नसेल तर माप बरोबर. टोचत असेल, लघवीला अडत असेल तर मोठी आहे. खोकल्यावर बाहेर आली तर लहान आहे किंवा खालची झोळी फारच सैल आहे. पहिल्या खेपेत पडली म्हणून रिंग 'सूट झाली नाही' असं धरू नका, माप बदलून बघा.

रिंग असताना पांढरं जाणं थोडं वाढतं, ते चालतं. घाण वास, हिरवट रंग, रक्त, हे चालत नाही. गरोदरपणात मी दर तीन-चार आठवड्यांनी काढून, धुऊन, आतून घासलंय का ते बघून परत बसवते. पाचव्या महिन्यापर्यंत पिशवी वर चढली की बहुतेकींना तिची गरज उरत नाही, काढून ठेवते, शेवटी वाटलं तर पुन्हा. कळा सुरू झाल्या की काढायची, हे मात्र तुमच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. रात्री दोन वाजता जी डॉक्टर ड्युटीवर असेल तिला तुमच्या आत रिंग आहे हे कसं कळणार? अनेकींच्या मनात असतं पण विचारत नाहीत: रिंग असताना शरीरसंबंध ठेवता येतो, आणि रिंग नसतानाही अंग खाली आलंय म्हणून तो वर्ज्य नाही. कुशीवर, सावकाश. अंगावरून लाल गेलं असेल, वार खाली असेल किंवा वेळेआधी कळांचा इतिहास असेल तरच थांबायचं.

यापुढचं सगळं एका शब्दाभोवती फिरतं: जोर. पोटातला दाब जेव्हा जेव्हा एकदम खाली ढकलला जातो, तेव्हा त्या सैल बंधांना एक हिसका बसतो. दिवसातून असे शंभर हिसके बसतात. त्यातले साठ वाचवले तरी खूप. कोणते, ते बघू.

सगळ्यात मोठा हिसका संडासात बसतो. गरोदरपणात आतडं मंदावतं, त्यात लोहाच्या गोळ्या. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती कित्येकींचं पोट बांधून टाकते. म्हणून गोळी गुपचूप बंद करू नका, रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्रावही महागात पडतो. डॉक्टरांना सांगा, गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलता येते, जास्त कमतरता असेल तर शिरेतून लोह देता येतं. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, भाकरी-पालेभाजी, मोड आलेली मटकी, पेरू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, एवढ्याने नाही भागलं तर लॅक्टुलोजचं औषध गरोदरपणात सुरक्षित आहे. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, आणि जोर न करता 'हाऽऽ' करून श्वास सोडत पोट सैल सोडा. भारतीय संडास असेल तर तीच बैठक आपोआप मिळते, फक्त तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका आणि उठताना धरायला काहीतरी असू द्या. मागची भिंत उतरलेल्या बाईला शी अगदी दारापर्यंत येऊन अडते. मग ती बोटाने खालून किंवा मायांगाच्या आतून मागच्या बाजूला दाब देते आणि शी होते. हे करणाऱ्या बायका मला शेवटच्या मिनिटाला, दाराची कडी उघडता उघडता सांगतात, जसा काही गुन्हा केलाय. यात लाजण्यासारखं काही नाही, कुंथण्यापेक्षा हे हजार पटीने बरं. हात धुवा म्हणजे झालं. पुढची भिंत उतरली असेल तर लघवी झाल्यावर उभं राहा, कंबर थोडी हलवा आणि परत बसा, उरलेली निघेल.

इथे मिश्रीचा विषय टाळता येत नाही. ग्रामीण भागातल्या कितीतरी बायका म्हणतात, मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. तुम्ही लावत असाल तर रागावत नाही, पण ती तंबाखूच आहे, बाळाचं वजन घटवते आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढवते. पोट साफ व्हायची दुसरी सोय आधी लावा, मग मिश्री सोडणं सोपं जातं. उलट क्रमाने केलं तर फसतं.

दुसरा हिसका खोकल्याचा, शिंकेचा. जुना खोकला अंगावर काढू नका. आणि खोकला येतोय असं कळलं की त्या आधी क्षणभर खालचं आत-वर ओढून धरा, मग खोका. ही युक्ती आठवडाभरात अंगवळणी पडते आणि माझ्या मते कुठल्याही औषधापेक्षा जास्त काम करते.

तिसरा उचलण्याचा. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकीचं वजन धरून ते तीस किलोच्या घरात जातं. ते सरकवायचंसुद्धा नाही. भरलेला हंडा, पिठाचा डबा, ओल्या चादरींची बादली, हे दुसऱ्याने उचलायचं. धाकट्याला कडेवर घेतल्याशिवाय तर राहवणार नाही, मला माहीत आहे. मग तुम्ही खाली बसा, त्याला मांडीवर चढू द्या. उभं राहून जमिनीवरून उचलायचं नाही. उचलावंच लागलं तर त्याला अंगाशी चिकटवून, श्वास सोडत, खालचं ओढून धरून उठा. श्वास कोंडून उठलात की सगळा जोर खाली. भाजी निवडणं, कणीक मळणं स्टुलावर बसून करा. कपडे उकिडवं बसून धुणं आता पुरे.

हे घरात सांगायचं कसं, हा खरा प्रश्न असतो. ओझं उचलायचं नाही म्हटलं की 'आम्ही नाही का उचललं' असं ऐकावं लागतं. माझा अनुभव असा की सासूला आत बोलावून सरळ तपासणीत काय दिसलं ते सांगितलं की बोलणं बदलतं, कारण तिच्या स्वतःच्या अंगावर हे कधीतरी येऊन गेलेलं असतं किंवा आजही असतं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की त्यातल्या ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी शिकत असताना तो लेख आमच्या वसतिगृहात हातोहात फिरला होता. तेव्हा विटांचा सल्ला देणाऱ्या सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत न्या, तुमची चौकशी झाली की त्यांचीही करायला सांगा.

आता व्यायाम. अमेरिकेतले डॉक्टर अर्नल्ड किगल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले आणि आज प्रत्येक दवाखान्यात 'किगल करा' म्हणून कागद हातात देतात. मीही बरीच वर्षं कागदच दिला. मग एकदा मनात आलं म्हणून एका बाईला सांगितलं, करून दाखवा, आणि हात लावून पाहिलं, तर ती वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलत होती. तीन महिने, रोज, मन लावून, उलटं. त्यानंतर सगळ्यांना हात लावून बघायला लागले, आणि उलटं करणाऱ्या इतक्या निघाल्या की मला माझ्या कागदांची लाज वाटली. त्यामुळे माझा आग्रह आहे की एकदा तरी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून हात लावून खात्री करून घ्या. २०१४ साली लॅन्सेटमध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ४४७ स्त्रियांचा अभ्यास आला. एकेकीला स्वतंत्रपणे शिकवून करून घेतलेल्या व्यायामाने अंगाचा त्रास कमी झाल्याचं त्यात दिसलं. त्या गरोदर नव्हत्या, हे मान्य. पण शिकवण्याचा मुद्दा तोच.

करायचं असं. कुशीवर पडा. चार माणसांत वारा सुटायला आलाय आणि तो अडवायचाय, तसं मागचं ओढा. तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत-वर उचला, जणू लिफ्ट पहिल्या मजल्यावर जातेय. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. सहा मोजेपर्यंत धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं, कारण ज्या स्नायूला सैल पडता येत नाही तो बाळाला वाट कशी देणार? असे आठ-दहा, दिवसातून तीन वेळा. हळूहळू धरण्याचा वेळ दहापर्यंत न्या. लघवी करताना मधेच धार थांबवायचा 'व्यायाम' करू नका. त्यासोबत चालणं, तेही दिवसाच्या पहिल्या अर्ध्यात, आणि जडपणा आला की थांबणं.

बाळंतपणाबद्दल. अंग खाली आलंय एवढ्या कारणासाठी सिझर करायची गरज नसते. झालेली इजा सिझरने भरून येत नाही. गरोदरपणाचा भार बंधांनी आधीच सोसलेला असतो. तुमच्या आधीच्या दोन प्रसूती नॉर्मल आहेत, तिसरी बहुधा भरभर होईल, आणि खूपदा तर अंग खाली असल्याने आम्हालाच धावावं लागतं. सिझर लागतं ते पिशवीचं तोंड बाहेर अडकून इतकं सुजलं की ते उघडतच नाही तेव्हा. म्हणून घरी किंवा उपकेंद्रात नको, जिथे गरज पडली तर रात्रीही सिझर होईल आणि रक्ताची सोय आहे अशा ठिकाणी नाव घाला. कळा सुरू झाल्यावर उशीर करू नका.

तिथे कोणत्या तीन गोष्टींवर अडून बसायचं ते सांगते. तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर, उघडेपर्यंत कोणी कितीही 'जोर लाव बाई' म्हणालं तरी जोर लावायचा नाही. आधी लावलेल्या जोराने बाळ खाली येत नाही, पिशवी येते, तोंड सुजतं, फाटतं. फुंकर घालत कळ जाऊ द्या. दुसरं, पोटावर वरून कोणी कोपराने दाबणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत हे करू नये असं स्पष्ट लिहिलंय, तरी अजून सर्रास चालतं. तिसरं, पाठीवर पाय वर बांधून पडण्यापेक्षा कुशीवर प्रसूती होऊ शकते का ते आधीच विचारून ठेवा. चिमट्याची वेळ आलीच तर डॉक्टर जीव वाचवायला लावतील, तिथे वाद नको. पण मागच्या वेळी चिमटा लागला होता हे त्यांना आधीपासून माहीत असू द्या. वार पडल्यावर पिशवी वर बसवली का, लघवी सहा तासांत झाली का, हे सोबतच्या बाईने लक्षात ठेवायचं.

बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस आरशात बघू नका, असं मी मुद्दाम सांगते. सगळं सुजलेलं, सैल आणि भीतीदायक दिसतं, आणि ते तुमचं कायमचं रूप नसतं. सव्वा महिना विश्रांतीची आपली पद्धत या दुखण्यात फार उपयोगी, ती पुरेपूर वापरा. फक्त विश्रांती म्हणजे दिवसभर मांडी घालून बसणं नाही. बाळाला कुशीवर पडून पाजा. डिंकाचे-मेथीचे लाडू खा, पण पाणी 'वातूळ' म्हणून तोडू नका, नाहीतर पुन्हा संडासात तोच जोर. पोटपट्टा गच्च बांधायचा नाही. आणि मालिशवाली पोट चोळून 'अंग वर बसवून देते' म्हणाली तर हात-पाय-पाठ चोळून घ्या, पोट नको. पाजत असेपर्यंत इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, खाली कोरडं आणि ओढल्यासारखं वाटतं, ते पाजणं कमी झाल्यावर सुधारतं. सहा आठवड्यांनी तपासणी, आणि त्या दिवसापासून व्यायाम पुन्हा शिस्तीत. टाके नसतील आणि दुखत नसेल तर हलक्या हाताने त्याआधीही चालतो.

राहिला पिशवी काढण्याचा प्रश्न. गरोदरपणात नाही, बाळंतपणानंतर लगेच नाही. निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबायचं, कारण त्या वर्षात बरंच आपोआप वर जातं. त्यानंतरही त्रास उरला तर रिंग आहेच, आणि शस्त्रक्रिया हवी असेल तर पिशवी ठेवून ती वर बांधायच्या पद्धती आहेत. यातल्या काही तर आपल्या मुंबईतच जन्मल्या. मूळ शिरोड्याचे डॉ. शिरोडकर, ज्यांचा पिशवीच्या तोंडाचा टाका जगभर घालतात, त्यांच्या नावाची आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाची पिशवी टांगण्याची पद्धत आम्ही सगळे शिकतो, आणि ती तरुण बायकांसाठीच आहे. पिशवी काढल्याने सैल झोळी घट्ट होत नाही. काढल्यानंतर उरलेल्या भिंती खाली आलेल्या बायका मी तपासते, आणि त्यांचं काम जास्त अवघड असतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, चौकशी समिती बसली, ते आठवत असेल. 'नको ती कटकट, काढून टाका' असं तेहतिसाव्या वर्षी कोणी म्हटलं तर दुसरं मत घ्या.

आणि चौथी खेप नको असेल तर नवऱ्याच्या नसबंदीचा विचार करा. बिनटाक्याची असते, दहा-पंधरा मिनिटांत होते, तो त्याच दिवशी घरी जातो. तीन महिन्यांनी वीर्य तपासून खात्री होईपर्यंत दुसरं साधन वापरायचं. तुमच्या पोटाला आणखी एक शस्त्रक्रिया कशाला? पुढच्या संध्याकाळच्या भेटीला त्यालाही सोबत आणा, हा विषय तिथेच निघू दे.